बिनफीचे कॉलेज आणि कर्मवीर अण्णा

बावीस सप्टेंबरला आपण सगळ्यांनी कधी ना कधी भाषण ठोकलेले आहे. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, फोटोला झेंडूचा हार, आणि समोर उन्हात बसलेली पोरे. भाषण ठरलेले असे. कुंभोजचा जन्म, काल्याची स्थापना, लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र, वडाचे झाड, जय हिंद. गुरुजींनी लिहून दिलेला कागद घामाने ओला व्हायचा आणि तिसऱ्या ओळीला काही जण हमखास अडायचे.

आज आपल्यातले कुणी बँकेत आहे, कुणी पतसंस्था चालवतो, दोघे-तिघे स्वतः मुख्याध्यापक झाले आहेत. महिन्याच्या एक तारखेला पगार भागवायचा म्हणजे काय, हे आता कळते. तेव्हा त्या भाषणात जी गोष्ट कधीच येत नसे ती या स्मरणिकेत सांगावीशी वाटली. अण्णांनी एवढा पसारा उभा कसा केला, पैसा कुठून आला, आणि तो बंद झाला तेव्हा त्यांनी काय केले?

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. कुंभोज हे त्यांचे आजोळ, मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. घर जैन शेतकऱ्याचे, वडील महसूल खात्यात कारकून. शिकायला कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. तिथले प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे शिस्तीचे, आणि हा मुलगा तालमीत रमणारा, ऐकून न घेणारा. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले आणि आल्यावर आंघोळ करून मगच जेवायचे हा नियम त्यांनी मानला नाही. बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. मॅट्रिक मात्र झाले नाहीत.

पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात असली तरी पुन्हा सांगण्यासारखी आहे. १९१४ साली कोल्हापुरात राजघराण्यातल्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर आणला गेला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून काढले त्याच्याविरुद्ध दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या, आणि सुटका होती. भाऊरावांनी लिहून दिले नाही. कोठडी आणि मारहाण सोसली, जीव द्यायलाही निघाले, पण खोटी साक्ष दिली नाही. पुढे हेच लठ्ठे मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. पैशासाठी किंवा सुटकेसाठी शब्द बदलायचा नाही, हे या माणसात संस्था काढण्याआधीपासूनच होते. शाळा चालवताना ते कामाला आले आणि नडलेही.

पोटासाठी त्यांनी आधी साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग फिरतीचा धंदा. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी फिरले, किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवत हिंडले, साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात काम केले. नांगर विकणारा माणूस पाटलाच्या ओसरीवर बसतो, दोन तास गप्पा मारतो, मग माल काढतो. त्या गप्पांत गाव कळते. कुणाचे पोर हुशार आहे, कुणाकडे धान्य आहे, कोण शब्दाला जागतो, कोण नुसता बोलतो. पुढे अण्णा देणगीसाठी गावोगाव फिरले तेव्हा हीच ओळख उपयोगी पडली असणार असे मला वाटते. संस्थेची पहिली वही कागदाची नव्हतीच, ती त्यांच्या डोक्यात होती.

दूधगावला १९१० च्या सुमारास मित्रांबरोबर वसतिगृह काढून झाले होते. ४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या दिवशी, कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. नाव रयत, म्हणजे ज्याच्या घामावर सरकारचा सारा भरतो तो. पाठीमागे सत्यशोधक समाजाची माणसे होती. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि बोर्डिंग सुरू झाले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहतात आणि एका पंक्तीला जेवतात, ही त्या काळी साधी बाब नव्हती. एखाद्या जातीपुरते बोर्डिंग काढले असते तर त्या जातीतल्या सधन मंडळींनी सढळ हाताने दिले असते. कोल्हापुरात अशी जातवार बोर्डिंगे होती आणि त्यांनी मोठे काम केले हेही खरे. पण अण्णांनी सगळ्यांना एकत्र बसवले आणि देणाऱ्यांची यादी आपोआप आखडली. पैशाच्या बाजूने पाहिले तर संस्थेचा हा पहिला आणि सर्वांत महागडा निर्णय होता.

त्याची किंमत घरातून गेली. लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. बोर्डिंगातल्या प्रत्येक जातीच्या पोराला त्यांनी आपल्या हाताने वाढले. दागिने एकेक करून विकले गेले, आणि एके दिवशी पोरांच्या पोटात घालायला धान्य उरले नाही तेव्हा गळ्यातले मंगळसूत्रही गेले. लहानपणी आपण हे त्याग म्हणून सांगत असू. आता हिशेबाच्या नजरेने पाहिले की अंगावर काटा येतो, कारण ही संस्थेची पहिली राखीव गंगाजळी होती आणि ती एकदाच वापरता येणार होती. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. शंभरावर हायस्कुले त्यांना पाहायला मिळाली नाहीत.

मग बाहेरून हात पुढे आले. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. पुण्यात १९३२ च्या करारानंतर, गांधी आणि आंबेडकर यांच्या त्या समझोत्याची आठवण म्हणून, युनियन बोर्डिंग निघाले. गावोगावच्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते गोळा होऊन बोर्डिंगात येई. ही मुष्टिफंडाची पद्धत हुशारीची होती. रोख पैसा गरिबाकडे नसतो, पण सुगीनंतर मूठभर ज्वारी असते. शिवाय जिच्या घरची ज्वारी बोर्डिंगात जाते ती बाई एक दिवस विचारते, माझ्या पोराला ठेवून घ्याल का? वर्गणी आणि पटसंख्या एकाच वाटेने येत होती.

१९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे कॉलेज निघाले. नाव सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. कुणाचा रौप्यमहोत्सव? पंचम जॉर्ज बादशहांचा. खादी घालणाऱ्या, गांधींना मानणाऱ्या माणसाने हे नाव कसे घेतले असा प्रश्न मला कॉलेजात असताना पडला होता आणि रागही आला होता. आता वाटते, सरकारदरबारी दार उघडायला त्यांनी एवढे मान्य केले असावे. आत कोण शिकणार आणि कुणाबरोबर जेवणार हे मात्र त्यांनी दुसऱ्याला ठरवू दिले नाही. स्वराज्य आल्यावर पुढे त्याच संस्थेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले.

ट्रेनिंग कॉलेजाचा खरा उपयोग दोन-तीन वर्षांत दिसला. १९३७ ला प्रांतात लोकांचे मंत्रिमंडळ आले आणि खासगी संस्थांनी लहान गावांत शाळा काढाव्यात, सरकार मदत करील, असे धोरण झाले. या व्हॉलंटरी शाळा. ज्या वाडीत लोकल बोर्डाची शाळा पोचत नव्हती तिथे देवळात, चावडीत, कुणाच्या गोठ्याच्या पडवीत रयतेची शाळा भरू लागली. इतरांकडे शाळा काढायला उत्साह होता पण मास्तर नव्हते. अण्णांकडे मास्तर तयार होत होते, आणि तेही बोर्डिंगात भाकरी खाऊन वाढलेले, वाडीवर राहायला न कचरणारे. काही वर्षांत अशा शाळा पाचशेच्या पुढे गेल्या.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही आणि राहण्याची सोय शाळेतच. इथे अनुदानाचे गणित जरा सांगितले पाहिजे, कारण सगळा पेच त्यात आहे. सरकारी अनुदान आधी हातात पडत नसे. आधी संस्थेने खर्च करायचा, मग इन्स्पेक्टर येऊन तपासणार, काही खर्च मान्य करणार, काही खोडणार, आणि मान्य खर्चाचा एक भाग मागाहून मिळणार. उरलेले संस्थेने फीतून आणि देणग्यांतून भागवायचे. बहुतेक शाळांचा मुख्य आधार फीच असे. अण्णांनी तोच खांब काढून टाकला. मग छप्पर कशावर टेकवायचे?

त्यांचे उत्तर होते, मुलांच्या हातांवर. मुले शेतात राबतील, भाजी पिकवतील, खडी फोडतील, विटा-दगड वाहतील, इमारत बांधतील, आणि त्या कामाच्या मोलातून त्यांचे शिक्षण आणि जेवण भागेल. यालाच पुढे कमवा आणि शिका म्हणू लागले. जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले तेही याच तत्त्वावर, म्हणजे फी नसलेले कॉलेज. ज्यांच्या घरात मॅट्रिकचा शब्द पहिल्यांदा पोचला त्यांची मुले थेट बी.ए.च्या वर्गात बसली. सकाळी कुदळ, दुपारी शेक्सपिअर. चार भिंतीच्या डोंगराखालची ती माळाची जमीन पोरांनी सपाट केली, खडक फोडला, झाडे लावली. कॉलेजचा परिसर वाढला तो कंत्राटदाराच्या बिलांवर कमी आणि मुलांच्या तळहातांवरच्या फोडांवर जास्त. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले, या कॉलेजाचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

याच कॉलेजाच्या नावाची हकीकत आपल्याकडे शिक्षकखोलीत फार रंगवून सांगितली जाई. कुणी धनिक मोठी रक्कम द्यायला तयार झाला, अट एवढीच की शिवाजी महाराजांचे नाव काढून दुसरे द्यावे. कॉलेज नवे होते, पैशाची चणचण रोजची. अण्णांनी दिलेले उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. देणगी आली नाही आणि नाव राहिले.

आणि मग १९४८. गांधीजींची हत्या झाली. सातारा जिल्ह्यात जाळपोळ झाली, माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली, राजकारण तापले. अण्णा ठेवणीतले गोड बोलणारे कधीच नव्हते, आणि स्वराज्याच्या सरकारबद्दलही त्यांचे बोलणे सत्तेतल्यांना रुचेल असे नव्हते. त्या वातावरणात मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले.

जरा त्या जागी उभे राहून पाहा. संस्था आता एका बोर्डिंगाची नव्हती. हायस्कुले, ट्रेनिंग कॉलेजे, दीड-दोन वर्षांचे नवे कॉलेज, ठिकठिकाणची बोर्डिंगे. फी नाही हे जाहीर धोरण. अनुदान गेले म्हणजे मास्तरांचा पगार गेला आणि मास्तर गेले म्हणजे शाळा गेली. कुठल्याही शहाण्या चिटणीसाने दोन गोष्टी सुचवल्या असत्या. एक, थोडी फी सुरू करा. दोन, मुंबईला जाऊन नरमाईचे पत्र द्या. विकणे शक्य होते ते घरातले सोने अठरा वर्षांपूर्वीच संपले होते, आणि देणाऱ्या लक्ष्मीबाईही नव्हत्या.

अण्णांनी केले ते वेगळेच. गांधींच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी याच वर्षी सोडला होता, आणि अनुदान थांबले म्हणून तो मागे घेतला नाही. हिशेबाने पाहिले तर हा वेडेपणा होता. मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर काही वर्षे बसलो आहे, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मी त्या सभेत असतो तर विरोधात हात वर केला असता. पण ते गावांकडे गेले. ज्या गावाला हायस्कूल हवे त्याने जागा, धान्य, श्रम, जे जमेल ते द्यावे. संस्थेचे हितचिंतक आणि पूर्वीचे विद्यार्थी मदतीला उभे राहिले. मास्तरांनीही सोसले, आणि ते सोसणे पुस्तकांत फारसे येत नाही. पगार अडकलेला असताना फळ्यासमोर उभे राहणारे ते मास्तर आणि घरी तेलमिठाची उसनवारी करणारी त्यांची माणसे, यांची नावे कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत. अण्णांच्या बाण्याचा निम्मा भार त्यांनी वाहिला. अण्णा तापट होते, एककल्ली होते, त्यांच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द चालत नसे, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे. वाकणार नाही असे एकाने ठरवले, की घरातल्या इतरांना विचारले जातेच असे नाही.

पेच सोडवला तो एका निरक्षर माणसाने. गाडगेबाबांची आणि अण्णांची मैत्री जुनी. बाबांच्या हातात खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या, आणि मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांना मानणारे. बाबांनी खेरांकडे शब्द टाकला. ही शाळा गरिबाच्या पोरांची आहे, तिचे अन्न तोडू नका, एवढाच त्या रदबदलीचा आशय होता. अनुदान पुन्हा सुरू झाले. जो स्वतः शाळेची पायरी चढला नाही त्याच्या शब्दाने शेकडो मास्तरांचे पगार सुटले. अण्णा हे विसरले नाहीत. १९५४ मध्ये कऱ्हाडला संस्थेचे दुसरे कॉलेज निघाले त्याचे नाव सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. बाबा तेव्हा हयात होते.

त्याच सुमारास आणखी एक उलथापालथ झाली. प्राथमिक शिक्षण ही आता सरकारचीच जबाबदारी ठरली आणि संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा, म्हणजे ५७८ शाळा, स्कूल बोर्डाकडे गेल्या. पदरचे घालून वाढवलेले लेकरू दुसऱ्याच्या घरी द्यावे तसे ते झाले असेल. पण वाडीवस्तीवरच्या मुलाला चौथीपर्यंत शिकवायला सरकार आले, तर आता पुढे मुलगा अडणार होता तो पाचवीला, आठवीला, मॅट्रिकला. संस्था त्या अडणाऱ्या जागी सरकली. पन्नासच्या दशकात तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी जी हायस्कुले भराभर निघाली, त्यांच्या पाठीमागे हे सरकणे होते. सातवीनंतर आपले आईबाप ज्या बैलगाडीने किंवा पायी ज्या शाळेत गेले ती त्या दहा वर्षांतलीच असते. आपल्या मेळाव्याला जमणाऱ्या बऱ्याच घरांची गोष्ट तिथून सुरू होते.

हायस्कुले वाढली तसे शिकवायला पदवीधर शिक्षक हवे झाले. १९५५ मध्ये साताऱ्याला मौलाना आझादांच्या नावाने बी.एड.चे कॉलेज निघाले. मागे व्हॉलंटरी शाळांच्या आधी ट्रेनिंग कॉलेज, आता हायस्कुलांच्या पाठोपाठ हे. शाळा आधी की मास्तर आधी, हा पेच प्रत्येक वाढत्या संस्थेला पडतो. अण्णांनी एकदा एक आधी केले, एकदा दुसरे, आणि दोन्ही वेळा मधली दोन-तीन वर्षे ओढाताणीत काढली.

शेवटच्या वर्षांत मानसन्मान आले. १९५९ मध्ये पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने डॉक्टर म्हटले. तोवर संस्थेची ३८ बोर्डिंगे, शंभरावर हायस्कुले आणि तीन कॉलेजे झाली होती. शरीर मात्र थकले होते. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे.

नऊ मे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. आपण तेव्हा आपापल्या गावी असायचो, कुणी आंब्याच्या राखणीला, कुणी विहिरीच्या कामावर. म्हणून पुण्यतिथीचे भाषण आपल्यापैकी कुणालाच कधी पाठ करावे लागले नाही.